कचेरीतील संगणक आणि विजेची काटकसर : सिंधुदुर्ग किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

विजेचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष स्वभावतःच निर्मितीकडे जाते. धरणे, जनित्रे, वाहिन्या, वीजमंडळांचे अहवाल ही या इतिहासाची रूढ साधने होत. विजेची जी बचत झाली, किंवा होऊ शकत असूनही झाली नाही, तिची नोंद मात्र फारशी कोणी ठेवीत नाही. खर्च झालेल्या विजेचे बिल येते. वाचलेल्या विजेचे कोणतेही दप्तर नसते. यामुळे काटकसरीचा इतिहास हा बहुधा सवयींचा, नियमांचा आणि यंत्रांच्या रचनेचा इतिहास म्हणूनच लिहावा लागतो.

कार्यालयातील संगणक हे या दृष्टीने अभ्यासास योग्य असे उदाहरण आहे. गेल्या सुमारे पस्तीस वर्षांत हे यंत्र महानगरांतून जिल्ह्याच्या ठिकाणी, तेथून तहसील कचेरीत आणि शेवटी ग्रामपंचायतीत पोहोचले. काम नसताना त्याने वीज खाऊ नये, ही युक्ती यंत्रातच बसविण्याचे प्रयत्नही याच काळात झाले. सिंधुदुर्ग जिल्हा, त्यातही मालवण-देवगड-वेंगुर्ल्याचा किनारा, हे या विवेचनासाठी केवळ निमित्त नव्हे. वीज उशिरा आलेला, वादळात ती वारंवार गमावणारा, आणि इतरांच्या विजेसाठी आपली जमीन मागितली गेलेला हा प्रदेश आहे. वाचविलेल्या युनिटाचा अर्थ काय, हा प्रश्न येथे जितक्या स्पष्टपणे उभा राहतो तितका तो महानगरात राहत नाही.

२. संगणकपूर्व काटकसर

काटकसरीच्या दोन परंपरा संगणकाच्या आगमनापूर्वीच अस्तित्वात होत्या. पहिली घरगुती. रॉकेलच्या कंदिलाची वात रात्री बारीक करून ठेवावयाची, पूर्ण विझवावयाची नाही, ही कोकणातील घराघरांतली रीत होती. उजेडाची गरज नसली तरी तो तत्काळ मिळण्याची सोय हवी, आणि तेलही कमीत कमी जळावे, असा तिचा दुहेरी हेतू असे. आजच्या संगणकाची निद्रावस्था ही तत्त्वतः याच रीतीची वारस होय. फरक इतकाच की वात बारीक करणारा हात आणि तेलाचे पैसे देणारा हात एकाच घरातला असे.

दुसरी परंपरा शासकीय. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानातील घड्याळे एक तास पुढे ठेवण्यात आली होती. दिवसाउजेडाचा अधिक उपयोग करून इंधन व दिवाबत्ती यांची बचत साधावी, हा या उपायाचा आधार होता. येथे काटकसर व्यक्तीच्या हातून निघून राज्यसत्तेच्या हुकमात गेलेली दिसते. प्रत्येकाने आपापला दिवा लवकर मालवावा असे न सांगता वेळच बदलून टाकण्यात आली.

या दोहोंखेरीज एक तिसरा, यंत्रगत प्रकारही पुष्कळ आधीचा आहे. स्वीडनचा अभियंता गुस्ताफ दालेन याने १९०७ मध्ये दीपगृहांच्या ॲसिटिलीन दिव्यांसाठी सूर्यप्रकाशावर चालणारी झडप तयार केली. उजाडले की ती वायूचा प्रवाह बंद करी आणि अंधारले की पुन्हा सुरू करी. दिवसा जळून जाणारा वायू यामुळे वाचला. दीपगृहे व बोये यांच्या प्रकाशनासाठी स्वयंचलित नियामक शोधून काढल्याबद्दल दालेनला १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या किनाऱ्यावर देवगडचे आणि वेंगुर्ल्याच्या खडकांवरचे दीपगृह गलबतांना वाट दाखवीत आले, तेथील वाचकाला या शोधाचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. माणूस हजर नसताना यंत्राने स्वतःच आपला खर्च थांबवावा, ही कल्पना या झडपेत पूर्णपणे व्यक्त झाली होती.

घरगृहस्थाची, राज्यसत्तेची आणि यंत्राची अशा काटकसरीच्या तीन तऱ्हा येथवर दिसतात. संगणकाच्या बाबतीत या तिन्ही पुन्हा अवतरल्या. मात्र त्यांचा परस्पर मेळ लवकर बसला नाही.

३. वीज, जिल्हा आणि संगणक

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि कोयना प्रकल्पाची वीज १९६२ पासून मिळू लागली. सह्याद्रीच्या पोटात निर्माण होणाऱ्या या विजेचा मोठा भाग मुंबई-पुण्याकडे आणि उद्योगकेंद्रांकडे गेला. दक्षिण कोकणातील वाड्यावस्त्यांपर्यंत वीज पोहोचण्यास पुढची कित्येक वर्षे लागली. डोंगराळ भूभाग, विखुरलेली घरे, दाट झाडी आणि चार महिन्यांचा धो-धो पाऊस ही त्याची कारणे आजही वाहिन्यांच्या देखभालीस नडतात. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि ओरोस येथे त्याचे मुख्यालय उभे राहिले. म्हणजे या जिल्ह्याचे प्रशासन आणि भारतातील प्रशासकीय संगणकीकरण ही जवळजवळ समवयस्क आहेत. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्ह्याजिल्ह्यांत आपली केंद्रे उघडण्यास आरंभ केला.

संगणक सर्वसामान्य कारकुनाच्या टेबलावर आला तो यानंतर. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना होऊन एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि शासकीय कर्मचाऱ्यांनाही संगणकज्ञान आवश्यक ठरले. सातबाराचे उतारे संगणकावर आले. २०११ पासून 'संग्राम' योजनेद्वारे ग्रामपंचायती संगणकांनी जोडण्याचा प्रयत्न झाला आणि पुढे 'आपले सरकार सेवा केंद्रां'नी ते काम चालविले. एकेकाळी दप्तर, शाई आणि टाचणी यांवर चालणाऱ्या कचेरीला आता विजेवाचून एक दाखलाही देता येईना.

याच काळात महाराष्ट्रात भारनियमन कळसास पोहोचले, हा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. ६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती व महापारेषण या कंपन्या अस्तित्वात आल्या, आणि तुटवड्याची झळ ग्रामीण भागाला रोजच्या रोज लागत होती. संगणकाबरोबर कचेरीत यूपीएस आले, बॅटऱ्या आल्या. विजेच्या अभावावर योजलेला हा उपाय स्वतःच थोडी वीज खातो. कारण बॅटरी भरताना आणि तीतून वीज परत काढताना काही अंश उष्णतेच्या रूपाने जातोच.

४. यंत्राने स्वतः निजावे : १९९२ ते २००१

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न थोडा आधी उपस्थित झाला. संगणकाच्या पहिल्या पिढीत यंत्र बंद करण्याचा विचारच अप्रस्तुत होता. सुमारे १८,००० निर्वात नलिकांचा अमेरिकन एनिॲक दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज घेई, आणि असे महागडे यंत्र अहोरात्र कामात गुंतवून ठेवणे हीच त्याची काटकसर मानली जाई. टेबलावरच्या वैयक्तिक संगणकाने हे समीकरण उलटे केले. तो दिवसातील बहुतेक वेळ कोणाची तरी वाट पाहत असतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये 'एनर्जी स्टार' ही स्वेच्छेची चिन्हयोजना सुरू केली. तिच्या कक्षेत प्रथम आलेल्या वस्तू संगणक आणि मॉनिटर याच होत. एप्रिल १९९३ च्या अध्यक्षीय आदेशाने तेथील संघशासनाच्या कचेऱ्यांना असेच संगणक खरेदी करण्यास सांगण्यात आले. याच सुमारास इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी संगणकाच्या वीजनियंत्रणाची पहिली मानके मांडली (१९९२), आणि पडद्यासाठीचे स्वतंत्र मानक १९९३ मध्ये आले. ठराविक वेळ कळफलकास हात लागला नाही की पडदा मंद व्हावा, चकती थांबावी, आणि शेवटी सारे यंत्र निजावे, अशी ही योजना होती.

व्यवहारात तिचे यश मर्यादित राहिले आणि त्याची कारणे उद्बोधक आहेत. पहिले कारण तांत्रिक. आरंभीच्या मानकात नियंत्रण यंत्राच्या मूळ संचेकडे, म्हणजे बायॉसकडे होते. वर चाललेल्या कामाची तिला पुरती जाणीव नसे. परिणामी निजलेले यंत्र कधी कधी जागेच होत नसे. ज्याचे लिहिलेले एकदा गेले त्याने ती सोय कायमची बंद करून टाकली. दुसरे कारण समजुतीचे. पडद्यावर मासे किंवा रंगीत रेषा फिरविणारा 'स्क्रीन सेव्हर' वीज वाचवितो असा समज सर्वत्र पसरला. वस्तुतः तो जुन्या काचनळीच्या पडद्यावर चित्राचा कायम डाग पडू नये एवढ्यासाठी होता. पडदा त्या वेळीही पूर्ण वीज घेतच असे. तिसरे कारण संघटनेचे. यंत्रे जाळ्याने जोडली गेल्यावर दुरुस्त्या आणि सुधारणा रात्री पाठविण्याचा प्रघात पडला, आणि निजलेल्या यंत्रापर्यंत त्या पोहोचत नसत. म्हणून 'यंत्र बंद करू नये' असा तोंडी हुकूम अनेक कचेऱ्यांत निघाला.

१९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी प्रसिद्ध केलेल्या नव्या मानकाने नियंत्रण बायॉसकडून कार्यप्रणालीकडे आणले. जाळ्यावरून संकेत पाठवून यंत्र जागे करण्याची सोयही याच सुमारास आली. इतिहासदृष्ट्या हा बदल महत्त्वाचा आहे. यामुळे एका जागी बसलेल्या व्यवस्थापकास शेकडो यंत्रांच्या निजण्या-उठण्याचा नियम ठरविता येऊ लागला. काटकसर व्यक्तीच्या सवयीतून संस्थेच्या धोरणात गेली. तरीही बर्कलेच्या लॉरेन्स राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००० नंतर केलेल्या पाहण्यांत, कचेरी सुटल्यावर बहुसंख्य संगणक चालूच राहतात असे आढळले. पडदे निजत; यंत्रे जागी राहत. साधन हाती येणे आणि ते वापरण्याचा अधिकार कोणीतरी स्वीकारणे या दोन भिन्न गोष्टी ठरल्या.

आणखी एक सूक्ष्म बदल याच काळातला आहे. १९९५ नंतरच्या रचनेत संगणकाचे बटन विजेचा मार्ग तोडीत नाही. ते यंत्राला बंद होण्याची केवळ सूचना देते. 'बंद' यंत्रही थोडी वीज घेत राहते. या गुप्त खर्चावर 'एक वॅट'ची मर्यादा असावी असा विचार आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये पुढे आणला, आणि जुलै २००१ च्या आदेशाने अमेरिकन शासनाने आपल्या खरेदीत तो स्वीकारला.

५. हिशेब आणि त्याच्या मर्यादा

भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. महाराष्ट्रात हे कार्य महाऊर्जा या संस्थेकडे आहे. ताऱ्यांच्या चिन्हाने पंखा, प्रशीतक, वातानुकूलक यांची खरेदी बदलली. पण संगणक कोणता घेतला यापेक्षा तो कसा ठेवला जातो, यावरच त्याचा खर्च अधिक अवलंबून असतो.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. पडद्यासह ८० वॅट घेणारा संगणक धरावा. वर्षाचे २५० दिवस, रोज ८ तास काम झाल्यास कामाचे तास २,००० आणि खर्च १६० युनिट होतो. वर्षाचे एकूण तास ८,७६० आहेत. उरलेले ६,७६० तास यंत्र तसेच चालू राहिल्यास आणखी ५४० युनिट जातात. म्हणजे कामाच्या तिपटीहून अधिक वीज रिकाम्या खुर्चीपुढे जळते. तेच यंत्र या तासांत ३ वॅटांवर निजले तर हा खर्च सुमारे २० युनिटांवर येतो. वीस यंत्रांच्या कचेरीत वर्षाची बचत १०,००० युनिटांच्या वर जाते. शिवाय वहनात पाचवा हिस्सा गळतो असे धरले, तर टेबलापाशी वाचलेल्या एका युनिटाने वीजकेंद्रात सव्वा युनिट वाचते. वाहिनीच्या टोकाशी असलेल्या किनारी गावात हा गुणक विसरून चालत नाही.

महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला. वीज, पाणी व इंधन यांची बचत हे त्याच्या समर्थनार्थ सांगितलेल्या कारणांपैकी एक होते. वर उल्लेखिलेल्या युद्धकालीन घड्याळबदलाशी या निर्णयाचे नाते उघड आहे. परंतु शुक्रवारी सायंकाळी सव्वासहापासून सोमवारी सकाळी पावणेदहापर्यंत साडेत्रेसष्ट तास होतात. दाराला कुलूप लावल्याने पंखे आणि दिवे बंद राहतात. चालू ठेवलेला संगणक राहत नाही. सुटीचे तास जितके वाढतील तितके यंत्र निजविण्याचे महत्त्वही वाढते.

येथे एका स्थानिक सवयीचा उल्लेख अवश्यक आहे. मराठीत आकाशातील आणि तारेतील अशा दोन्ही शक्तींना 'वीज' हा एकच शब्द आहे. वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की कोकणात दूरदर्शन संचाचा, मोडेमचा, संगणकाचा प्लग भिंतीतून उपटला जातो. हे काटकसरीने नव्हे, भीतीने होते. परंतु एक वॅटही न गळू देणारी खरी 'बंद' अवस्था तीच होय. पहिल्या विजेच्या भयाने दुसरी वीज वाचते. ज्या सवयीमागे स्वतःचे नुकसान उभे असते ती टिकते. ज्या सवयीचा लाभ दुसऱ्याच्या हिशेबात जमा होतो ती टिकत नाही. कारकून यंत्र वापरतो, संगणक विभाग त्याची निगा राखतो, आणि बिल लेखाशाखा भागविते. तिघांपैकी एकालाही पूर्ण चित्र दिसत नाही. कंदिलाच्या घरात ही फाळणी नव्हती.

६. किनाऱ्याचा पक्ष

हा विषय केवळ कचेरीच्या बिलाचा असता तर त्याला विशेष ऐतिहासिक महत्त्व प्राप्त झाले नसते. परंतु २००६ नंतरच्या काळात देवगड तालुक्यात, प्रथम गिर्ये आणि पुढे मुणगे परिसरात, ४,००० मेगावॅटचा कोळशावरील अतिविशाल वीजप्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव आला. हापूसच्या बागा आणि मासेमारी यांवर त्याचा काय परिणाम होईल या चिंतेने बागायतदार व मच्छीमार यांनी त्यास विरोध केला. तो प्रकल्प उभा राहिला नाही. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरच्या ९,९०० मेगावॅट अणुप्रकल्पाचा वाद याच काळातला. २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीला रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा खास विचार करण्यास सांगण्यात आले होते, आणि २०११ च्या तिच्या अहवालात वीजप्रकल्पांचा प्रश्न आला. याच जिल्ह्यात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, आणि राज्यातील पवनऊर्जेच्या आरंभीच्या प्रात्यक्षिक प्रकल्पांपैकी एक देवगडजवळ जामसंडे येथे झाला, हेही विसरता येत नाही.

या वादात 'आधी वाचवा, मग निर्माण करा' असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. अभ्यासकाने तो तपासून घेतला पाहिजे. वरील हिशेबातील एक लाख संगणक एकाच वेळी विनाकारण चालू असल्यास त्यांचा भार ८ मेगावॅट होतो. ४,००० मेगावॅटच्या तुलनेत हा पाचशेवा भाग झाला. केवळ संगणक निजवून एखादे वीजकेंद्र टळेल असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शिवाय ही बचत मुख्यतः रात्रीची व सुटीची आहे. सायंकाळच्या कमाल मागणीस तिचा उपयोग थोडाच. या मर्यादा मान्य करूनही एक प्रश्न उरतो. जे शासन एखाद्या गावाला 'राज्याच्या गरजेसाठी' जमीन देण्यास सांगते, त्याच्या कचेऱ्यांत कामाच्या तिप्पट वीज रिकाम्या खोल्यांत जळत असेल, तर 'गरज' या शब्दाचा अर्थ काय धरावयाचा? आठ मेगावॅटांचे मोल आकड्यात लहान आहे. मागणाऱ्याच्या नैतिक अधिकारात ते लहान नाही.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने पुढे आणला. वादळ किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले, खांब व तारा मोठ्या संख्येने कोसळल्या आणि जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी बॅटरीत साठविलेल्या प्रत्येक युनिटाला मोल येते. निद्रावस्थेचा नियम पाळणारे यंत्र त्याच बॅटरीवर अधिक वेळ कामास येते. तुटवड्याच्या प्रदेशात वीजनियंत्रण ही सुखवस्तू काटकसर राहत नाही. कचेरीचे काम चालू राहण्याचे ते साधन ठरते.

७. उपसंहार

१ मे २०२५ रोजी सिंधुदुर्गच्या जिल्हा प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणालीचा आरंभ झाला. या घटनेने प्रस्तुत विषयाला नवे वळण लागते. टेबलावरचा संगणक आता पूर्वीपेक्षा कमी वीज घेतो. काचनळीचा पडदा गेला, लॅपटॉप आले. परंतु कामाचा मोठा भाग दूरच्या विदाकेंद्रांत होऊ लागला असून तेथील यंत्रे आणि त्यांना थंड ठेवणारी व्यवस्था अहोरात्र चालते. ओरोसच्या कचेरीत एक प्रश्न विचारला की वीज खर्च होते ती अन्यत्र, आणि तिचे बिल या जिल्ह्याच्या दप्तरात स्वतंत्रपणे दिसत नाही.

घरात काटकसर करणारा व भोगणारा एक होता. कचेरीत ते वेगळे झाले, तरी निदान एकाच छताखाली राहिले. आता ते वेगवेगळ्या गावी आहेत. पूर्वी हा प्रदेश दुसऱ्यांच्या विजेसाठी जमीन द्यावी की नाही हे ठरवीत होता. यापुढे त्याच्या स्वतःच्या कारभाराची वीज कोणाच्या तरी गावालगत निर्माण होणार आहे. गिर्ये-मुणग्याच्या लोकांनी जो प्रश्न विचारला होता तो ते दुसरे गावही विचारील, आणि त्या वेळी उत्तर देण्याची पाळी या जिल्ह्याची असेल. तेव्हा हाताशी हिशेब असावा, यासाठी कोणते यंत्र कधी जागे होते आणि कोणाच्या कामासाठी, याची नोंद कचेऱ्यांनी आजपासून ठेवणे अगत्याचे आहे. न जळालेल्या विजेचे दप्तर उघडण्याचा तोच आरंभ होय.